फुंकरीनं चढणारा आकडा

"चढला! चढला!"

अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर सगळे एकदम ओरडले. आत माझी बायको घशात नळी घालून श्वासाच्या यंत्रावर होती. तिच्या उशाशी पडद्यावर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा होता. सकाळपासून तो सत्त्याऐंशीच्या वर जात नव्हता. बाहेरच्या बाकड्यावर मुक्काम ठोकलेल्या फुंकरमहाराजांनी काचेवर फुंकर मारली आणि आकडा पंच्याण्णव झाला.

बाकीच्या पेशंटांच्या नातेवाइकांनी महाराजांचे पाय धरले. माझा मेव्हणा तर रडायलाच लागला.

"हे यंत्र बाईंना अर्धाच श्वास देतंय," महाराज म्हणाले. "कंजूष यंत्र! नळी काढा, घरी न्या. पुरा श्वास मी देतो."

"दाजी, नेऊ या ताईला."

तेवढ्यात आकडा पुन्हा घसरला.

"कुणीतरी शंका घेतली," महाराज माझ्याकडे बघत म्हणाले. शंका मी खरंच घेतली होती.

मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. "तुम्ही तिला श्वास कमी देता?"

"हो, मुद्दाम. त्यांची फुप्फुसं सुजून ताठ झालीत. जोरानं हवा भरली तर जो भाग अजून धड आहे, तोही ताणून फाटेल. म्हणून श्वास लहान, पण भरभर. नळी काढलीत तर त्या जिन्यापर्यंतही पोचणार नाहीत."

दिवसभर काचेला नाक लावून बसणारी माझी मुलगी मध्येच म्हणाली, "पप्पा, महाराज फुंकर कधी मारतात माहितेय? सिस्टर हातमोजे चढवतात तेव्हाच."

डॉक्टरीणबाई थबकल्या. मग त्यांनी उलगडून सांगितलं. नळीतला कफ ओढून काढण्याआधी सिस्टर हातमोजे घालतात आणि एक बटण दाबतात. यंत्र थोडा वेळ निव्वळ प्राणवायू देतं. आकडा चढतो, मग आपोआप उतरतो. बाकड्यावर बसून बसून महाराज तेवढं शिकले होते.

संध्याकाळी सिस्टरनं हातमोजे घातले, पण नुसते बायकोचे डोळे पुसायला घेतले. महाराजांनी फुंकर मारली. आकडा ढिम्म. आणखी मारली. काच धुरकटली.

"महाराज, काच पुसू का? आकडा दिसत नाहीये," मुलगी म्हणाली.

"शंका! कुणीतरी शंका घेतंय!"

"मी नाही हो घेतली," मेव्हणा रडवेल्या आवाजात म्हणाला.

थोड्या वेळानं सिस्टरनं खरोखरच कफ काढायला घेतला आणि बटण दाबलं. आकडा चढला. महाराज तेव्हा बाकड्यावर बसून स्वतःचाच श्वास गोळा करत होते.

नळी आम्ही काढली नाही. तरी माझी बायको गेली. यंत्र रोग बरा करत नाही, फुप्फुसांना सावरायला वेळ देतं. तिला तो वेळ पुरला नाही.

मेव्हणा अजून विचारतो, "दाजी, नेलं असतं तर?"

"तर जिन्याआधीच गेली असती. गुदमरून."

काचेबाहेर भीती वाटते. वाटणारच. मला तर अजून स्वप्नात तो आकडा दिसतो. पण भीती वाटली की फुंकर मारणाऱ्याकडे जाऊ नका. आत काय चाललंय, ते डॉक्टरांना विचारा, समजेपर्यंत विचारा. मी विचारलं. म्हणून नळी काढली नाही, शेवटी मला आत बोलावलं तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, आणि ती तडफडली नाही.