‘नाही’ आधी बोला

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस सेट आहे, आणि खरखर सुरू झाली की मला अजून भीती वाटते.

माझं घर म्हणजे एका लहान धावपट्टीच्या कडेची पत्र्याची खोली. एक टेबल, एक खिडकी, भिंतीवर रानाचा नकाशा. उन्हाळ्यात रान पेटलं की इथून एक विमान पोटात पाणी भरून उडतं आणि ते आगीवर ओततं. कारखान्यात माझी जोडणी होत होती तेव्हा मला वाटलं होतं, आपण गाणी वाजवणार. इथे आल्यावर कळलं, मला माणसांची काळजी इकडून तिकडे न्यायची आहे.

विमान चालवायचे दादा. माझ्यासमोर बसायच्या त्यांच्या पत्नी. त्यांना सगळे वहिनी म्हणत. पाणी टाकून झालं की दादा वरून वहिनींना लाडाने सांगायचे, "सरकार, रिकामं झालं!" इतर घरांत ‘रिकामं’ म्हटलं की कपाळावर आठी पडते. आमच्या खोलीत तो सगळ्यांत लाडका शब्द होता. रिकामं विमान हलकं असतं, डोंगर सहज ओलांडतं. भरलेल्या विमानाला तो चढ झेपत नाही.

"अहो, ऐकलं. या आता," वहिनी म्हणायच्या.

"वायरलेसवर ‘अहो’ चालत नाही, वहिनी," विमानाची दुरुस्ती करणारे मिस्त्री दारातून हसायचे.

"मग काय नावाने हाक मारू? तुमच्यासमोर?"

एकदा डोंगरापलीकडच्या दरीत आग लागली. दादा भरलेलं विमान घेऊन नदीच्या अंगाने वळसा घालून गेले. माझ्या लहरी सरळ जातात. मध्ये डोंगर आला की आवाज तुटतो. दादांचा आवाज आला, "रिकामं झालं..." आणि पुढे नुसती खरखर.

वहिनींनी बटण दाबलं. "ऐकलं. डोंगरावरूनच या, जवळ पडेल."

उत्तर आलं नाही. वहिनी पुन्हा बोलल्या. मग त्या हाका मारू लागल्या. त्यांत ‘अहो’ होतं, आणि नावही होतं. मिस्त्री मान खाली घालून उभे होते.

समोरच्या टेकडीवर टेहळणीचा मनोरा आहे. तिथल्या पहारेकऱ्याला दादांचं वाक्य पूर्ण ऐकू आलं होतं: "रिकामं झालं नाही." टाकीचं झाकण अडकलं होतं. भरलेलं विमान डोंगरावर आदळलं आणि दादा गेले.

वहिनींचं बोलणं दादांनी ऐकलं होतं का? मला माहीत नाही. मी फक्त पाठवतो. पोहोचलं की नाही हे कळण्याची सोय माझ्यात नाही. आपल्या बोलण्यात ‘नाही’ सगळ्यांत शेवटी येतं. शेवट तुटला की अर्थ उलटा होतो. तोवर हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

वहिनी पुन्हा खोलीत आल्या नाहीत. माझ्यावर धूळ साचली. मिस्त्री अधूनमधून फडकं फिरवायचे, पण मला चालू करायला त्यांचाही हात धजत नसे. आग लागली की दूरच्या तळावरून विमान यायचं, आणि तोवर रानाचा कोळसा झालेला असायचा.

मग धावपट्टीला दुसरं विमान मिळालं आणि दादांची धाकटी बहीण ते चालवायला शिकून आली. तिने वहिनींना हाताला धरून खोलीत आणलं.

"दुसऱ्या कुणालाही बसव," वहिनी म्हणाल्या. "माझा माझ्याच कानांवर भरवसा उरला नाही."

"मग कानांचं काम सोपं करू. मी ‘नाही’ आधी बोलेन. ‘नाही झालं रिकामं.’ मागचं तुटलं तरी चालेल."

"आणि ते ‘नाही’च तुटलं तर?"

धाकटी म्हणाली, "तर ‘रिकामं’ ऐकल्यावरही तू मला पुन्हा विचार. विचारतच राहा."

सरावासाठी सगळे तसंच बोलू लागले. "नाही घेणार मी साखर," मिस्त्री चहा घेताना म्हणायचे. "नाही पुसलेत तुम्ही पाय," वहिनी त्यांना सुनवायच्या. खोलीत पुन्हा हसू आलं, आणि मला त्या हसण्याचीच भीती वाटू लागली.

त्याच दरीत पुन्हा आग लागली. धाकटी उडाली. वहिनींचा डावा तळहात माझ्या पाठीवर टेकलेला होता, थंडगार. खिडकीतलं ऊन धुराने पिवळं पडलं होतं.

"नाही..." आणि खरखर.

एवढंच. माझ्या आतल्या सगळ्या तारा ताठ झाल्या. वहिनींचं बोट बटणावर होतं.

"नाही वळायचं डोंगराकडे. नाही वळायचं. नदीच्या अंगाने खाली ये."

"झाकण उघडायचा हाताचा खटका ओढ म्हणावं, जोर लावून," मिस्त्री म्हणाले. वहिनींनी तेही सांगितलं. मी पाठवलं. मग आम्ही तिघं ती खरखर ऐकत राहिलो. तिच्यात मला दादांचा आवाज आल्यासारखं वाटे, आणि लक्ष दिलं की तो नसे.

नदीचं खोरं मोकळं आहे. तिथे माझ्या लहरींना आडवं येणारं काही नाही. तिथूनच आवाज उमटला.

"वहिनी, तुझं ‘नाही वळायचं’ तेवढं ऐकू आलं. नदीवर आहे. खटका ओढला. गेलं पाणी."

"पुन्हा सांग."

"गेलं पाणी."

"पुन्हा."

"अगं वहिनी, तीनदा जायला टाकीत तेवढं पाणी तरी होतं का!"

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावर कपाळ टेकलं. टेबल हलत होतं, म्हणून मीही हलत होतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी झाकण दुरुस्त केलं. आग विझली नव्हती. धाकटी पुन्हा उडाली आणि वहिनी पुन्हा माझ्यासमोर बसल्या.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. त्या दोन्ही आगी रानात चूल मांडून गेलेल्या लोकांच्या राखेतून उठल्या होत्या. "विझवली होती की," असं ते लोक म्हणाले. राख वरून थंड आणि आत धगधगती असू शकते. तिच्यावर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. मग हाताची मागची बाजू हळूच जवळ न्या. ऊब लागली तर तिथून हलू नका. वर धुरात कोण आहे, हे तुम्हाला खालून दिसणार नाही. मला मात्र धाकटीचा आवाज ओळखता येतो, आणि आत्ता ती वरच आहे.