पुलाच्या चौकीवरून आलेला फोन

लेखिकेने साहेबांच्या चरित्राची अकरा प्रकरणं त्यांच्याच शब्दावर भरवसा ठेवून लिहिली होती. बारावं मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

युद्धात साहेब वाहतूक अधिकारी होते. शत्रू नदीपाशी येऊन ठेपला, तेव्हा सहाच्या ठोक्याला पूल उडवायचा हुकूम वरून आला आणि साहेबांनी तो उडवला. पुलावर दीडशे माणसं होती, बायकापोरांसकट. "फोन बंद होता हो," साहेब दोन वर्षं सांगत आले होते. "कळलं असतं तर थांबवलं नसतं का मी?" सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. ते रडणं काही नाटकी नव्हतं.

गेल्या आठवड्यात तिला टेलिफोन कचेरीची जुनी नोंदवही सापडली. तिची प्रत घेऊन ती आज आली होती. साहेबांची शिक्षिका मुलगी कपात चहा ओतत होती.

"साहेब, फोन चालू होता. पाच चाळीसला पुलाच्या चौकीवरून तुमच्या कार्यालयात. तीन मिनिटं."

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "त्या टेलिफोनवरच्या पोरी काय वाटेल ते खरडायच्या."

"तीन मिनिटं कुणीतरी बोललंय."

"उचलला असेल दुसऱ्या कुणी. मी काय एकटाच होतो तिथे?"

"एकटेच होतात. बाकीच्यांना आदल्या दिवशीच हलवलं होतं. चौथ्या प्रकरणात तुम्हीच सांगितलंय."

मुलीचा हात थबकला. "ताई, त्यांना दम लागतो. आजच्यापुरतं राहू द्या."

"तू गप्प बस!" साहेब कडाडले. मग लेखिकेकडे वळून बोट नाचवत म्हणाले, "घरात बसून लिहिणं सोपं असतं, बाई! तो चौकीदार धड बोलतही नव्हता. नुसता रडत होता. रडणाऱ्यांचं ऐकून लढाया होत नसतात..."

ते थांबले.

लेखिकेने पेन उचललं नाही. याच क्षणासाठी ती आली होती, पण आता ते लिहून घ्यावंसं तिला वाटेना.

"कोण रडत होतं, बाबा?" मुलीने विचारलं.

साहेब टेबलक्लॉथची सुरकुती अंगठ्याने सरळ करत राहिले. "वीस मिनिटं होती हातात. वाटलं, तेवढ्यात होतील माणसं पार."

"मग सहाच्या आधी एकदा फोन करून विचारलं का नाही?" मुलगी म्हणाली.

"विचारलं असतं तर कळलं असतं ना," साहेब म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यांनी डोळे मिटले.

मुलगी आत निघून गेली. चहाला कुणी हात लावला नाही.

दारापर्यंत आलेल्या लेखिकेला साहेबांनी हाक मारली. "ते छापायचं नाही."

"छापणार, साहेब."

पंधरा दिवसांत साहेबांच्या वकिलाची नोटीस आली: असं कुणी काही बोललंच नाही. प्रकाशक घाबरला. साक्षीदार कुठाय, म्हणून तो तिच्यामागे लागला. ती मुलीकडे गेली नाही. बापाविरुद्ध उभं राहायला कुठल्या तोंडाने सांगायचं?

पत्र आपण होऊन आलं, शाळेच्या रेघी कागदावर. "बाबा ते बोलले. मी तिथेच होते. गरज पडली तर कोर्टात सांगेन. त्यांची औषधं मी अजूनही वेळेवर देते, पुढेही देईन. माझी काळजी करू नका."