मौनाचा एकोणिसावा दिवस

सौदीतल्या अल खफजीत उन्हाळ्यात पहाटे पाचालाच लख्ख उजाडतं. ममता अंघोळ करून स्वयंपाकघरातल्या कपाटासमोर बसली. खालच्या फळीवर पिठाचे डबे, वरच्या फळीवर देव. अंघोळीपासून अकरा माळा पुऱ्या होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असे एकवीस दिवस. मध्येच बोललं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आज एकोणिसावा.

"मनाच्या शांतीसाठी करतेय," असं तिनं नवऱ्याला, विश्वनाथला सांगितलं होतं. खरं कारण त्याच्या कामावरच्या बॉयलर सुटाच्या खिशात होतं. कपडे मशीनला लावताना खिसे चाचपायची तिची सवय. घडी घातलेला रिपोर्ट हाती लागला, आणि त्यातला एक शब्द तिनं दोनदा वाचला. कागद तिनं होता तसा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जप धरला. तो आज सांगेल, उद्या सांगेल, म्हणून वाट पाहत राहिली. तो अर्धा डबा परत आणायचा आणि "उन्हानं भूक मेलीय" म्हणायचा.

सातवी माळ चालू होती. तो मागं येऊन उभा राहिला. पायात बूट, खांद्याला बॅग.

"वळू नकोस. जप चालू दे. आत्ता तू मध्ये बोलणार नाहीस, म्हणूनच सांगतोय." तो उगाच हसला. "मला कॅन्सर आहे, ममता. डॉक्टर म्हणाला, चार महिने. फार तर पाच."

मणी बोटांत अडकला.

"आज समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर चाललोय, अठ्ठावीस दिवस. कंपनीत कुणाला सांगितलेलं नाही. तुझा फायनल एक्झिट, कायमचं परत जायचा व्हिसा, लावलाय. परवाचं विमान आहे. सावंतवाडीला आईकडे जा. मला तुझ्यासमोर झिजायचं नाही. समुद्रात काय व्हायचं ते होईल."

बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. जपाचे दोनच दिवस उरले होते. आपल्याच जिभेनं याच्या आयुष्याचा धागा तुटला तर? दाराची कडी वाजली.

"अहो, थांबा!"

तो वळला. "अगं, मोडलंस की!"

"मोडलं. बॅग खाली ठेवा. मला एकोणीस दिवस माहीत आहे."

"आणि गप्प राहिलीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून! तुम्हाला सांगायला बायको मुकी लागते, हे मला काय ठाऊक?"

पुन्हा हॉर्न. ती त्याच्या बाजूनं पुढं होऊन दारात गेली. ड्रायव्हर नौशादनं काच खाली केली. "भाभी, साब किधर?"

"नहीं आएँगे, भाई. उनको..." तो शब्द तिनं मनातसुद्धा उच्चारला नव्हता. "कैंसर है."

नौशादनं छातीवर हात ठेवला आणि बस निघाली.

"झालं! आता अख्ख्या कॉलनीला कळणार," विश्वनाथ चिडून म्हणाला. "कंपनी घरी पाठवील."

"पाठवू दे. दोघांना एकदमच पाठवू दे."

एवढं बोलून ती तिथंच फरशीवर बसली. "अहो, मी मध्येच बोलले... त्यानं तुम्हाला काही झालं तर?"

बुटांसकट तो तिच्याशेजारी टेकला. म्हणाला, "मलाही फार भीती वाटते गं."

तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. बोटाखाली नाडी लागली. ती मोजायची हिंमत होईना, म्हणून तिनं बोट जरा बाजूला सरकवलं.