दर्रेगर्दूचा फरामर्झ

सासऱ्यांचा फोन आला तेव्हा अनुया नवऱ्याला, फरामर्झला, भाताची पेज भरवत होती. तिने वाटी बाजूला ठेवली आणि सिंगापुरातल्या त्या हॉस्पिटलच्या पलंगाची उशी उंच करून फोन त्याच्या कानाला लावला. यकृताच्या कॅन्सरने फरामर्झचे डोळे पिवळे झाले होते, पण वडिलांशी बोलताना तो आवाज खणखणीत ठेवून बोलायचा.

इराणच्या डोंगरातलं दर्रेगर्दू हे त्याचं गाव. नावाला शहर, पण घरं उतारावर अशी रचलेली की खालच्याचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण. खाली दरीत अक्रोडाच्या बागा, त्यातली एक त्यांच्या घरची. डोंगराच्या पोटातून खणत आणलेल्या बोगद्याने, कनातीने, पाणी यायचं आणि घराघराची पाळी ठरलेली असायची. लग्नानंतर अनुया प्रथम गेली ती अक्रोड झोडपायच्या दिवसांत. वरची हिरवी साल सोलून सोलून तिचे हात काळे झाले. सासूने ते हात सगळ्या आळीला दाखवले होते.

फरामर्झ पुण्यात इंजिनिअरिंग शिकला. खाणावळीतल्या काकूंकडून उचललेलं मराठी सिंगापुरात, तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत इतकी वर्षं काढूनही टिकलं होतं. आजार कळल्यावर तो एकच म्हणाला, मला घरी ने. तिकिटं काढली, डॉक्टरांनीही होकार दिला. तेवढ्यात तिकडे युद्ध पेटलं, विमानं थांबली. ती सुरू होईपर्यंत डॉक्टरांनी प्रवासाला नकार दिला होता. तरी तो रोज विचारायचा, तिकिटाचं काय झालं.

फोन संपला. फरामर्झने छताकडे बघत विचारलं,

"झाडं तोडली ना?"

अनुयाने पेजेची वाटी पुन्हा हातात घेतली. "कोण म्हणालं?"

"कोणी नाही. बाबांनी शेजारच्यांची लग्नं सांगितली, बारशी सांगितली. झाडांचं काही बोलले नाहीत."

धाकट्या दिराने तिला सगळं कळवलं होतं. खालच्या पठारावर खोल बोअर झाल्या, कनात आटली. दोन उन्हाळे टँकरने पाणी घातलं, मग लाकूडवाल्याला बोलावलं. नाही म्हणणं सोपं होतं. पण तो तिच्याकडे बघत होता, आणि त्या डोळ्यांशी ती आजवर खोटं बोलली नव्हती.

"तोडली."

"किती?"

"सगळी."

त्याने पेज संपवली. त्यानंतर तिकिटाचं नाव काढलं नाही. दोनेक दिवसांनी म्हणाला, "मला इथल्याच मातीत ठेव. मागाहून तिकडे नेणं तुला एकटीला नाही झेपायचं."

हे कळल्यावर गार्गी कॉरिडॉरमध्ये आईला म्हणाली, "यू कुड हॅव जस्ट सेड नो, आई. तेवढंच त्याच्याकडे उरलं होतं." लेकीने तिचा हात धरला नाही, पण ती गेलीही नाही.

फरामर्झ एका सकाळी गेला. संध्याकाळच्या आत त्याला चोआ चू कांगच्या दफनभूमीत न्यायचं होतं. मशिदीतल्या माणसांनी सगळं नीट केलं. तुआसचे काही सहकारी हेल्मेट हातात घेऊनच आले. दुआ म्हटली गेली तेव्हा अनुयाचे ओठ हलले नाहीत. तिला ती येत नव्हती. गार्गीजवळ उभी राहून ती त्याला खाली उतरवणाऱ्या हातांकडे बघत राहिली.

घरी येऊन तिने दर्रेगर्दूला फोन लावला. दिराने सासऱ्यांना आधीच सांगितलं होतं. ते रडले नाहीत. कोण कोण होतं ते विचारलं.

"तिथली माती कशी आहे?"

"लाल आहे, बाबाजान."

"ओल आहे?"

"आहे. इथे जवळजवळ रोजच पाऊस पडतो."

फोनमध्ये तिकडचा वारा ऐकू येत होता. "मग चांगली आहे," ते म्हणाले.

फोन बंद करायचं त्यांना सुचलं नाही. अनुयानेही केला नाही. काठीचा आवाज आला, दगडी पायऱ्या उतरतानाचा. वाटेत कुणीतरी त्यांना सलाम केला. त्यांनी नेहमीच्या आवाजात सलाम परतवला, आणि त्याच्या धाकट्या मुलाचा ताप उतरला का, असं विचारलं.