दुप्पट रात्री

पॉलीन ट्रँटरच्या केबिनचं दार सताड उघडं होतं आणि हिलरी बॅग्नल दारातच उभी राहून नजरेनं पावलं मोजत होती. दारापासून बाल्कनीच्या काचेपर्यंत अकरा. तिच्या स्वतःच्या केबिनमध्ये आठ भरत, तीही पलंगाच्या कडेनं अंग चोरून चाललं तर.

"आत ये गं. दारात काय उभी राहिलीस घरभाडं मागायला आल्यासारखी," पॉलीन म्हणाली.

जहाजानं साउदॅम्प्टन बंदर सोडलं, किनारा दिसेनासा झाला, की दुसऱ्या दिवशी नेहमीच्या प्रवाशांनी एकमेकांच्या केबिनी बघायला जायचं, ही त्यांची जुनी रीत. रुखवत बघायला जावं तसंच सगळं. आधी तोंडभर कौतुक, मग हळूच कपाट उघडून बघणं, गादी दाबून बघणं, आणि बाहेर पडून दोन वळणं ओलांडली की मग खरं काय ते बोलणं. आज पाच-सहा जणी होत्या. हिलरीच्या केबिनला त्या सकाळीच येऊन गेल्या होत्या, 'उजेड छान येतो हं' असं म्हणून गेल्या होत्या. उजेडाचं कौतुक झालं म्हणजे दुसरं कौतुक करण्यासारखं काही सापडलेलं नाही, हे हिलरीला बावीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं.

ही केबिन मात्र मागच्या टोकाची होती. बाल्कनीतून जहाजानं मागे सोडलेला पांढरा फेसाळ रस्ता दिसत होता. दोन्ही पलंगांच्या मध्ये एखादीनं गिरकी घ्यावी एवढी जागा. दार रुंद, उंबरठा नाहीच. काचेजवळच्या खुर्चीत पॉलीनचा नवरा रॉय गुडघ्यांवर लोकरीचं पांघरूण घेऊन बसला होता. त्यानं हात वर केला, हसला, पण उठला नाही. पूर्वी बाईमाणूस खोलीत आलं की हा हातातला पेला ठेवून उभा राहायचा. मोठी जागा मिळाली की माणूससुद्धा शेफारतो, हिलरीच्या मनात आलं.

"कशी मिळवलीस?" कुणीतरी विचारलं.

"मिळाली आपली," पॉलीन म्हणाली. तेवढ्यात एकीचा हात बाथरूमच्या कडीकडे गेला, तर पॉलीन चटकन आडवी आली. आत रॉयचे कपडे वाळताहेत, मेल्याची लाज चव्हाट्यावर आणू नका, म्हणाली. सगळ्या हसल्या. हिलरी हसली नाही. बाथरूम दाखवायची नाही, हे रीतीला सोडून होतं.

बावीस वर्षांपूर्वी पहिल्याच सफरीत या चौघांना जेवणाला एकच टेबल मिळालं होतं. बॅग्नल नवरा-बायको स्टोकचे. ती चिनीमातीच्या कारखान्यात कपांच्या काठावर सोनेरी रेघ ओढायची, क्लाइव्ह भट्टीवर. ट्रँटर मंडळी बोल्टनची, दोघंही पोस्टातली. त्या वेळी हिलरीची केबिन खिडकी नसलेली, आतली. पॉलीनच्या केबिनला गोल खिडकी. मग हिलरीनं खिडकी घेतली, तर पॉलीननं बाल्कनी. तीन वर्षं मन मारून हिलरीनं बाल्कनी घेतली, तर नेमकी समोर केशरी रंगाची जीवनरक्षक होडी टांगलेली. क्लाइव्ह तिच्याकडे बघून म्हणाला होता, "असू दे गं. बुडालो तर पहिला नंबर आपला."

त्यानंतर मात्र हिलरीनं जहाजांचा अभ्यासच केला. कोणत्या जहाजावर कोणती केबिन नाचाच्या खोलीखाली येते, कुठे पहाटे पाचला स्वयंपाकघरातल्या तळणीचा वास शिरतो, कुठे शॉवरचा पडदा अंगाला चिकटतो. जुन्या जहाजाला लाकडी कठडे आणि खोल कपाटं. नव्याला काच भरपूर, पण दोन कोट टांगले की कपाट भरलं. पुढच्या टोकाला पोट ढवळतं, मागच्या टोकाला कपबशा थरथरतात, आणि लिफ्टजवळ घ्यायची असेल तर कानात बोळे घालून यायचं. नवखी माणसं तिला विचारायला यायची आणि ती डोळे मिटून सांगायची. तरी पॉलीन तिच्या एक पाऊल पुढेच असायची. केबिनमध्येही आणि रात्रींमध्येही. माणसानं कंपनीच्या जहाजांवर आजवर किती रात्री काढल्या, त्याची मोजणी कंपनी ठेवायची आणि दर सफरीत सर्वांत जास्त रात्रींच्या प्रवाशाचं नाव सगळ्यांसमोर वाचायची. त्याला कॅप्टनसोबत जेवण. वर्षानुवर्षं नाव वाचलं जायचं ते ट्रँटरांचं. बॅग्नल दुसरे. दुसऱ्याला टाळ्या मिळत, जेवण नाही.

त्या दुपारी हिलरीनं आपल्या केबिनमध्ये बसून डेकचा नकाशा उघडला. खरं तर उघडायची गरज नव्हती. मागच्या टोकाची, रुंद दाराची, उंबरठा नसलेली केबिन. क्रमांकाशेजारी चाकाच्या खुर्चीचं बारीक चित्र होतं. अपंगांसाठी राखलेली केबिन.

म्हणजे असं आहे तर. गेल्या वर्षी हा रॉय डेकवर तिच्याबरोबर दोन गाण्यांवर नाचला होता, तिच्या पायावर एकदाच पाय दिला होता. आणि आता मोठ्या खोलीपायी चालता येत नाही म्हणून लिहून दिलं! खरोखर पांगळं असलेलं एखादं माणूस या जागेवाचून घरी बसलं असेल. हा शेवटचा विचार मनात आल्यावर हिलरीला फार बरं वाटलं. नुसता जळफळाट होता तोवर तो तिचा तिलाच खात होता, आता त्याला न्यायाचा आधार मिळाला.

ती खाली चौकशीच्या काउंटरवर गेली. तिथल्या मुलीला म्हणाली, मी आपली सहज विचारते, अशा केबिनी गरज नसलेल्यांना देतात का? मुलीनं विचारलं, कोणती केबिन? हिलरीनं आढेवेढे घेतले, मला कुणाचं नाव घ्यायचं नाही म्हणाली, आणि क्रमांक सांगितला. मुलीनं तो लिहून घेतला. परत येताना दातात अडकलेलं काहीतरी निघाल्यासारखं तिला मोकळं वाटलं. चहाबरोबर तिनं स्कोन, तो गोडसर छोटा पाव, घेतला, त्यावर साय नेहमीच्या दुप्पट.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला नेहमीच्या प्रवाशांचा मेळावा होता. हिलरी निळा पोशाख घालून पुढून दुसऱ्या रांगेत बसली. तिला एक गोष्ट ठाऊक होती जी पॉलीनला ठाऊक नव्हती, आणि ती तिनं वर्षभर पोटात ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी क्लाइव्ह गेला. त्यानंतर ती पाच सफरींना एकटी आली. एकटं माणूस दोघांची केबिन घेतं, दोघांचं भाडं भरतं, म्हणून कंपनी त्याच्या रात्री दुप्पट धरते. क्लाइव्ह असताना जे साधलं नव्हतं, ते तो गेल्यावर सरसर साधत आलं होतं.

तिसरं नाव वाचलं गेलं. मग दुसरं: रॉय आणि पॉलीन ट्रँटर, अकराशे सहा रात्री. पॉलीन सवयीनं अर्धी उठली होती, आपलं नाव दुसरं म्हणून वाचलं गेलं हे कळून ती तशीच अवघडली. पहिलं नाव, हिलरी बॅग्नल, अकराशे एकोणीस. टाळ्या पडल्या. कॅप्टननं हातात फुलं दिली आणि उद्याच्या जेवणाचं निमंत्रण दिलं. दोघांसाठी होतं ते. निमंत्रणं नेहमी दोघांसाठीच छापलेली असत.

मेळावा मोडल्यावर पॉलीन तिच्याजवळ आली. एकटीच होती. तिनं हिलरीच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि विचारलं, हे कसं झालं, गेल्या खेपेला तर तू चाळीसनं मागे होतीस. या प्रश्नाचं उत्तर हिलरीनं आरशासमोर उभं राहून घोकलं होतं. अगदी सहज, आत्ताच आठवल्यासारखं द्यायचं होतं.

"एकट्याच्या रात्री दुप्पट धरतात," ती म्हणाली. "तुला माहीत नव्हतं?"

"दुप्पट," पॉलीन म्हणाली. "क्लाइव्ह गेल्यापासून?"

"हो."

"मग मला दुसराच नंबर राहू दे बाई."

बोलण्यात कुठे खोच नव्हती. असती तर हिलरीकडे उत्तर तयार होतं. पॉलीन शेजारच्या खुर्चीत टेकली आणि बूट सैल करत म्हणाली की कालपासून तिची पाठ धरली आहे. आणि मग ती सांगू लागली. रॉयच्या हातापायांना कंप सुटल्याला आता दहा महिने झाले. आधी करंगळी, मग हात, आता पाय मेंदूचं ऐकत नाहीत. जहाजावर त्यानं चाकाच्या खुर्चीतून यायचं, पण सगळे चढून गेल्यावर, कुणी पाहायच्या आत. जेवण खोलीत मागवायचं. ओळखीच्यांनी त्याला एकदा बसलेला बघायचा, काचेजवळ, चांगला दाढी केलेला, म्हणजे पुढे कुणी विचारणार नाही. असं त्यानं ठरवलं होतं. सगळं त्याच्या मनासारखं चाललंही होतं.

"काल कुणीतरी चुगली केली," पॉलीन म्हणाली. "पांढऱ्या गणवेशातला एक पोरगेला अधिकारी दारात आला. बिचारा भला होता, कागद बघतो आणि जातो म्हणाला. पण रॉय तेव्हा बाथरूममध्ये, दांड्याला धरून उभा, आणि विजार गुडघ्यात. वर ओढता येईना. मी इकडे कागद शोधतेय. तर हा आतून ओरडून काय म्हणतो? बाहेर येऊन पडून दाखवू का, म्हणजे खात्री पटेल."

हिलरीच्या मांडीवर फुलं होती. तिनं त्यांचा कागद नीट केला.

"हसलो गं नंतर आम्ही," पॉलीन म्हणाली. "मग तो रडला. बावीस वर्षांत मी त्याला जहाजावर कधी रडताना पाहिलं नव्हतं."

त्या दिवशी हिलरी बाल्कनीत बसून राहिली. समोर समुद्र होता, होडी नव्हती, केबिन उत्तम होती. शेजारच्या खुर्चीवर तिनं फुलं ठेवली, मग वाऱ्यानं उडतील म्हणून आत नेली. तिला पॉलीनचा राग आणायचा होता; इतकी वर्षं तो बोलावल्याबरोबर यायचा. आज तो येईना. आला तो दुसराच एक विचार, आणि त्याची तिला जास्त लाज वाटली. क्लाइव्ह स्वयंपाकघरातल्या खुर्चीत, किटलीतलं पाणी उकळेपर्यंत गेला होता. त्याचा हात कधी थरथरला नाही, विजार कधी गुडघ्यात अडकली नाही. त्यानं तिला काही करूच दिलं नव्हतं. आणि पॉलीनकडे दहा महिने होते. पुढेही असणार होते.

दुसऱ्या दिवशी जेवण साडेबाराला होतं. बारा वाजता हिलरी तोच निळा पोशाख घालून निघाली आणि कॅप्टनच्या मजल्याऐवजी मागच्या टोकाकडे वळली. पॉलीनचं दार आज बंद होतं. ठोठावल्यावर ते वीतभर उघडलं.

"काउंटरवर मीच सांगितलं होतं," हिलरी म्हणाली.

पॉलीननं दार तसंच धरून ठेवलं. "माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? डेकचा नकाशा तोंडपाठ असलेलं या जहाजावर दुसरं कोण आहे?"

हिलरीला वाटलं, आता दार बंद होणार. तसं झालं असतं तर सोपं होतं. ती माफी मागून वळली असती. पॉलीननं मागे वळून आत पाहिलं, पुन्हा हिलरीकडे पाहिलं. माफ केल्यासारखं त्या नजरेत काही नव्हतं. पण दार उघडलं.

"आत ये आणि कडी लाव," ती म्हणाली. "डेकवर जायचं म्हणतोय तो. खुर्चीतून, सगळ्यांदेखत. परवा तो अधिकारी येऊन गेल्यावर आता कुणी बघायचं राहिलंच नाही, म्हणतो. मला वाकता येत नाहीये. बूट घाल त्याला."

रॉय पलंगाच्या काठावर बसला होता. मोजे चढवलेले, केस ओले करून विंचरलेले. हात मांडीवर ठेवलेले, तरी ते आपलं आपलं काहीतरी करत होते. "हिल," तो म्हणाला, "नंबर लागला म्हणे तुझा. आज काय, कोकराचं मटण?"

"मासा असेल," हिलरी म्हणाली.

निळ्या पोशाखासकट ती गालिच्यावर गुडघे टेकून बसली. तिनं बुटाची नाडी सैल केली, नाडीखालची चामड्याची जीभ बाहेर ओढली, टाचेमागे अंगठा घातला. पाय आत जाईना. तो एका जागी राहीच ना. तिनं घोटा धरला आणि त्याचा थरथराट तिच्या कोपरापर्यंत चढला. पॉलीन खिडकीशी पाठमोरी उभी होती.

"जरा उभा राहतो," रॉय म्हणाला. "उभं राहिलं की टाच बसते."

आधारासाठी त्यानं हिलरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठू लागला. हळूहळू त्याचं सगळं वजन तिच्या खांद्यावर आलं. जड होतं. दोन वर्षांत एवढा भार तिच्या अंगावर कुणी टाकला नव्हता. पॉलीनला हे रोज मिळतं, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं मान आणखी खाली घातली.

छतातल्या ध्वनिक्षेपकावरून कुणीतरी गोड आवाजात दुपारच्या जेवणाची आठवण करून दिली. "जा तू, उशीर होईल," रॉय वरून म्हणाला. टाच आत बसली होती. हिलरीनं नाडी बांधली, ओढून पाहिली, आणि त्याचा हात खांद्यावर तसाच असू देत ती दुसऱ्या पायाकडे सरकली.