दह्याच्या पिंपातला हेरगिल्स

आउसदिस राक्षसांच्या आणि आग ओकणाऱ्या अजगरांच्या कादंबऱ्या लिहायची, आणि तिचे वाचक तिला रोज सकाळी गावच्या गरम पाण्याच्या कुंडात भेटायचे. अंगावर चड्डीखेरीज काही नसलेला टीकाकार जरा जास्तच मोकळेपणाने बोलतो, हा तिचा अनुभव होता.

आइसलंडमध्ये लेखकाचे हाल कुत्रा खात नाही. आठशे वर्षांपूर्वी कातड्यावर लिहिलेलं इथली शाळकरी पोरं वाचतात, त्यामुळे जो तो प्राचीन साहित्याचा जाणकार. आउसदिसचं मत असं, की पूर्वजांनी तीनच गोष्टी लिहून ठेवल्या: कोणी कोणाला मारलं, त्याचा खटला कसा चालला आणि मेंढरं कोणाची होती. पोटात भाला घुसला तरी पूर्वज एक ओळ बोलून मरायचा. आता त्याच भाषेत लोक नाश्त्याच्या फोटोखाली तीन परिच्छेद लिहितात. संगणकाला मात्र त्यांनी जुन्या शब्दांतून आकड्यांची भविष्यवेत्ती असं भारदस्त नाव काढलं होतं. आउसदिसची भविष्यवेत्ती आठवड्यातून दोनदा बंद पडायची.

तिच्या पहिल्या कादंबरीतला हेरगिल्स नावाचा जुन्या काळचा शेतकरी अजगर बघून बायकोला टाकून पळाला होता. दुसऱ्या भागात तो लपायला आंबट दह्याच्या पिंपात शिरतो आणि तिथेच बुडून मरतो. नववं प्रकरण. इतकं झकास काही तिने आयुष्यात लिहिलं नव्हतं. पुस्तक शुक्रवारी छापायला जायचं होतं आणि हे प्रकरण तिने कुंडात सगळ्यांना ऐकवून झालं होतं.

गुरुवारी एविन्दुर आला. वय ब्याऐंशी, नदीपलीकडे मेंढरं पाळायचा. हातात प्लास्टिकची पिशवी घेऊनच तो पाण्यात उतरला.

"हेरगिल्सला दह्यात मारणार म्हणे तू."

"बुडवणार. मारायला त्याच्या जवळ कोण जाईल, इतका वास मारतोय."

"तो माझा पूर्वज आहे. अठ्ठाविसाव्या पिढीतला."

"एविन्दुर, त्याला मी बनवलंय. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत."

एविन्दुरने पिशवीतून घडी घातलेली वंशावळ काढली आणि पाण्यावर उंच धरली. अठ्ठाविसाव्या ओळीत आईचं नाव होतं. बापाच्या जागी लिहिलं होतं, माहीत नाही. आणि शेजारी, पेन्सिलीने, हेरगिल्स.

"मला काय कळत नाही होय, तू बनवलायस ते," तो म्हणाला. "जुनी पुस्तकं सगळी वाचलीत मी, त्यांत नाही तो. पण शाळेत पोरं आपापले पूर्वज घडाघडा म्हणायची. राजे, कवी, खुनी. मी इथवर आलो की गप्प. मास्तर म्हणायचा, बस खाली. तुझा हेरगिल्स बायकोशी बोलत नाही, मेंढरांशी बोलतो. माझा बाप तसाच होता. म्हटलं, बसतोय या रिकाम्या जागी."

"मग एखादा राजा लिहायचास. पेन्सिल तुझीच होती."

"राजा आमच्याकडे कशाला येईल?" एविन्दुर म्हणाला. "पळाला, ते चालेल. पण दह्यात नको गं. आत्ता कुठे सापडलाय."

आउसदिसला गलबलून आलं, आणि त्याच वेळी नववं प्रकरण आठवलं, त्यामुळे तिला रागही आला. ती कुंडातून बाहेर पडली.

घरी तिने प्रकरण पुसायला घेतलं. भविष्यवेत्तीने विचारलं, नक्की ना? आउसदिसने तिला हजार वर्षं जुनी, अस्सल शिवी घातली आणि बटण दाबलं. मग दुपारभर बसून नवं लिहिलं. ते आधीच्याइतकं चांगलं झालं नाही, हे तिला कळत होतं.

शुक्रवारी सकाळी एविन्दुर आधीच कुंडात बसला होता. पिशवी काठावर होती.

"बाहेर येतो तो पिंपातून," ती पाण्यात उतरत म्हणाली. "घरी मेंढरांना चारा घालायचा राहिलाय म्हणून. अजगर तसाच दारात बसलाय, आणि हा दही निथळत त्याच्या समोरून जातो."

"आणि बायको?"

"ती म्हणते, आधी अंग धू."

एविन्दुर पाण्यातून सरकत काठाशी आला. मग त्याने काठावर हात कोरडे केले, पिशवीतून वंशावळ आणि शाईचं पेन काढलं. पेन्सिलीने लिहिलेलं नाव तो शाईने गिरवू लागला. कागद काठावर सरकत होता, म्हणून आउसदिसने तो धरून ठेवला.