बुरमाकान एजेंची सही

किर्गिझस्तानात, बिश्केकच्या एका संग्रहालयात बुरमाकान एजे आणि मी दालनं राखायचो. त्या चौथ्या दालनात, मी पाचव्यात. वयाने मोठ्या, म्हणून मी त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणायची. त्यांची एकुलती मुलगी मीरगुल सहा वर्षांपूर्वी साल्कीन नावाच्या मुलीबरोबर इस्तंबूलला गेली. ती नुसती मैत्रीण नाही हे कळल्यावर एजेंनी, "माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस," असं मुलीला बजावलं होतं.

नोव्हेंबरात बायकांच्या कलेचं प्रदर्शन लागलं. चौथ्या दालनात ऐझादा नावाच्या चित्रकर्तीने नवरीचे पांढरे रुमाल छताला टांगले. पळवून नेऊन जबरदस्तीने लग्न लावलेल्या बायकांचे. प्रत्येकावर त्या बाईची एक-दोन वाक्यं लाल दोऱ्याने भरलेली.

"वाळत घातलेलं धुणं बघायला तिकीट!" एजे म्हणाल्या. "माझ्या अंगणात फुकट दिसतं की."

तिसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची खिडकीशी सरकलेली दिसली.

"गारठ्यात कशाला बसलात?"

"इथं उजेड बरा आहे."

मी वर पाहिलं. तिथल्या रुमालावर लिहिलं होतं: 'माझं नाझिक नावाच्या मुलीवर प्रेम होतं. घरच्यांना कळलं, तेव्हा त्यांनीच एका पुरुषाला सांगून मला उचलून न्यायला लावलं.'

आठवडाभराने त्यांनी ऐझादाला गाठलं. "हिचं पुढं काय झालं गं?"

"चार मुलं झाली, एजे. नाझिकचं काही कळलं नाही."

दुपारी चहा घेताना एजे माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रविवारी मीरगुलला फोन करीन म्हणते."

शुक्रवारी तीसेक पुरुष घुसले. डोक्यावर पांढऱ्या उंच टोप्या, हातात मोबाइल. 'देशाची अब्रू घालवली' म्हणत त्यांनी दोन रुमाल ओढून फाडले. एक तरणा एजेंवर डाफरला, "आई, हे समोर बघत बसवतं तरी कसं तुम्हाला?"

"बाळा, तिकीट काढलंस का?" एजेंनी विचारलं.

शनिवारी सकाळी संचालकांनी आम्हाला बोलावलं. टेबलावर एक निवेदन होतं: या घाणेरड्या प्रदर्शनाची आम्हा कर्मचाऱ्यांना लाज वाटते, ते तातडीने बंद करावं.

"ज्यांना सही करायची नाही, त्यांनी सोमवारपासून यायचं नाही."

पहिली सही हिशेबनिसाची, दुसरी माझी. एजेंनी चष्मा लावून सगळं वाचलं. "यातलं एकही वाक्य माझं नाही, साहेब."

"मग करू नका."

एजेंच्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती. त्यांनी सही केली. संध्याकाळपर्यंत सगळे रुमाल उतरवले होते.

रविवारी त्यांनी खरंच फोन लावला. काय बोलणं झालं, ते मला सोमवारी सांगितलं.

मीरगुलने फोन उचलला आणि लगेच म्हणाली, "तो कागद सगळीकडे फिरतोय, आई. तिसरं नाव तुझं आहे."

"अगं, ऐक तरी. मला तुला सांगायचं होतं..."

"सहा वर्षांपूर्वी सांगितलंस की. आता सही करून दिलीस."

त्यानंतर एजे दर रविवारी फोन लावत राहिल्या. रिंग वाजायची, कोणी उचलायचं नाही. मार्चमध्ये तो नंबरच बंद झाला. साल्कीनचा नंबर त्यांच्याकडे कधीच नव्हता.

चौथ्या दालनात आता जुनी खोगिरं मांडली आहेत. शाळेच्या सहली येतात. "हात लावू नका रे," एजे सांगतात.